नाव न विचारता खबर घेणारी सेवा : ब्रिटनमधील क्राइमस्टॉपर्स

चोरीला गेलेली किंवा बेकायदा बाळगलेली बंदूक कुठे आहे हे आपल्याला कळले आहे, ते पोलिसांना सांगायलाच हवे असे मनही सांगते आहे, पण आपले नाव कोणाच्याही कानावर जाऊ नये, अशा पेचात सापडलेल्या माणसासाठी ब्रिटनमध्ये क्राइमस्टॉपर्स ही सेवा आहे. इकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ९९९ हा तातडीचा आणि १०१ हा बिगरतातडीचा पोलीस क्रमांक ठाऊक असतो. ०८०० ५५५ १११ हा क्रमांक मात्र माझ्या ओळखीत फारच थोड्यांना माहीत होता. मी ही सेवा वापरली आहे. काय माहिती दिली ते येथे लिहिणार नाही, कारण तसे केले तर निनावी राहण्याला अर्थच उरणार नाही. सेवेची पद्धत आणि तिच्या मर्यादा मात्र सविस्तर सांगण्यासारख्या आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्राइमस्टॉपर्स हे पोलीस खाते नव्हे, ती स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे. १९८५ साली उत्तर लंडनमधील ब्रॉडवॉटर फार्म वसाहतीतील दंगलीत कीथ ब्लेकलॉक या पोलीस शिपायाची हत्या झाली. ज्यांना काही ठाऊक होते ते लोक भीतीपोटी पुढे येत नव्हते, आणि त्यातूनच उद्योजक मायकेल ॲशक्रॉफ्ट यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये हे काम सुरू झाले. मूळ कल्पना अमेरिकेतली. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहरात १९७६ साली ग्रेग मॅकअलीस या पोलीस अधिकाऱ्याने ती प्रथम राबवली होती.

फोन चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस आणि विनामूल्य घेतला जातो. पलीकडची व्यक्ती नाव, पत्ता विचारत नाही. संभाषण ध्वनिमुद्रित होत नाही आणि फोन कुठून आला याचा माग काढला जात नाही. संकेतस्थळावर अर्ज भरण्याचीही सोय आहे. आपण दिलेल्या माहितीचे टिपण तयार होते आणि ज्यावरून आपण ओळखले जाऊ असा मजकूर गाळून मगच ते संबंधित पोलीस दलाकडे जाते. हे गाळण्याचे काम मला या सेवेचा प्राण वाटते. ‘बंदूक स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली आहे’ एवढ्या एका वाक्यावरूनही, त्या घरात ऊठबस असलेली चार माणसे कोण हे गुन्हेगाराला ताडता येते. बोलणारा घाईत असतो, घाबरलेला असतो. अशा वेळी समोरच्याने त्याच्यापेक्षा जास्त सावध असणे आवश्यक असते. माझ्या बाबतीत हे काम अत्यंत संयमाने, कोणतेही दडपण न आणता झाले.

बंदुकांच्या बाबतीत अशा खबरीचे मोल इतके मोठे का, हे समजण्यासाठी इथली, म्हणजे ब्रिटनमधली, परवाना पद्धत लक्षात घ्यावी लागते. १९९६ मध्ये डनब्लेन येथील शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यानंतर, १९९७ मध्ये खासगी व्यक्तींनी पिस्तुले बाळगण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. शेतकरी आणि शिकारी यांच्याकडील बंदुका परवान्यावर असतात, प्रत्येकीची नोंद असते आणि त्या कुलूपबंद ठेवाव्या लागतात. त्यामुळे एखाद्या शेतघरातून दुनळी चोरीला गेली, की ती नोंदीतल्या जगातून बाहेर पडते. तिची नळी कापून आखूड केली जाते, क्रमांक घासला जातो आणि ती हातोहात फिरू लागते. २००८ पासून कार्यरत असलेली नॅबिस ही बॅलिस्टिक तपासाची राष्ट्रीय यंत्रणा काडतुसांवरील खुणा ताडून एकच हत्यार कोणकोणत्या गुन्ह्यांत वापरले गेले हे सांगू शकते. मात्र ते हत्यार आज कोणाच्या माळ्यावर दडवले आहे, हे बहुधा शेजाऱ्याला, घरातल्या माणसाला किंवा एखाद्या मित्रालाच ठाऊक असते.

म्हणून खबर देताना ‘अमुक मुलगा वाईट आहे’ असे सांगून उपयोग नाही. हत्यार स्वतः पाहिले की ऐकले, कधी पाहिले, ते कोणत्या जागी ठेवले जाते, कोणत्या गाडीतून नेले जाते, घरात लहान मुले किंवा कुत्रा आहे का, हे सांगावे. झडतीचे वॉरंट मिळवण्यापूर्वी पोलिसांना निनावी माहितीची खातरजमा करावी लागते, आणि ती नेमक्या तपशिलांवरच होऊ शकते.

या सेवेची उणीव तिच्या गुणातूनच येते. आपण कोण हे त्यांना माहीत नसल्यामुळे पुढे काय झाले हे कळवायला कोणीही येत नाही. ही स्थिती मनाला फार जड जाते. शंका राहिली असेल तर पोलीसही उलट प्रश्न विचारू शकत नाहीत, त्यामुळे अर्धवट खबर वाया जाण्याचा संभव असतो. माहितीमुळे अटक होऊन आरोप ठेवला गेल्यास १,००० पौंडांपर्यंत बक्षीस मिळू शकते, तेही नाव न सांगता. पण ते मागणारे फार थोडे असतात, आणि मला हे अगदी स्वाभाविक वाटते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे बाळकडू घेऊन आलेल्या आपल्या लोकांना खरा दिलासा साक्षीला उभे राहावे लागत नाही याचा आहे. भारतातही खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, अशी तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये आहे. परंतु तिथे नाव पोलिसांना कळलेले असते. इथे ते त्यांनाही कळत नाही, हा फरक मोठा आहे.

किशोरवयीन मुलांसाठी याच संस्थेची ‘फिअरलेस’ ही वेगळी सेवा आहे आणि ती घरातल्या मुलांना अवश्य दाखवावी. गोळीबार चालू असेल किंवा कोणाच्या जिवाला तत्काळ धोका असेल, तर मात्र ९९९ लाच फोन करावा. आपली स्वतःची परवान्याची बंदूक चोरीला गेली असल्यास क्राइमस्टॉपर्सचा मार्ग उपयोगाचा नाही. परवाना आणि बंदुकीचा क्रमांक हाताशी ठेवून थेट पोलिसांना कळवावे. जुन्या घराच्या माळ्यावर एखादे हत्यार सापडले, तर ते पिशवीत घालून ठाण्यावर नेऊ नये. आधी १०१ वर विचारावे आणि ते सांगतील तसे करावे.