हायराइजचा मंगळसंग्रह: तपशील अफाट, पण आधी रीत शिकून घ्या

हायराइज हा नासाच्या ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ या यानावरचा कॅमेरा. यान 2006 पासून मंगळाभोवती सुमारे 300 किमी उंचीवरून फिरते आहे. आरसा अर्ध्या मीटरचा असल्याने 25-30 सेंमी जमीन एका पिक्सेलमध्ये येते. मीटरभर रुंदीचा दगड ओळखता येतो. अॅरिझोना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ही सगळी चित्रे मोफत मिळतात.

चित्राच्या नावातले शेवटचे चार आकडे आधी वाचा. त्यांतून 1800 वजा करून दहाने भागले की साधारण अक्षांश मिळतो: 1985 म्हणजे 18.5 अंश उत्तर, जेझेरो विवर. 1755 म्हणजे 4.5 अंश दक्षिण, गेल विवर. उतरवून घेताना नकाशावर बसवलेली जेपी2 प्रकारची चित्रफाइल घ्या, ती क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडते. काही फायली शेकडो एमबींच्या असतात, तेव्हा आधी छोटी प्रत पाहून घेतलेली बरी.

रंगांवर मात्र विसंबू नका. निळे दिसणारे वाळूचे ढिगारे प्रत्यक्षात करडे असतात. प्रत्येक चित्राचे रंग फरक उठून दिसावा म्हणून वेगळे ताणलेले असतात, म्हणून दोन चित्रांच्या रंगांची तुलना करू नये. चित्रे तिथल्या दुपारी तीनच्या सुमाराची, म्हणजे ऊन पश्चिमेकडून, डावीकडून येते. हे लक्षात नसेल तर विवर टेकडीसारखे दिसू लागते.

उणिवाही आहेत. चित्राचा पट्टा जेमतेम सहा किमी रुंद, त्यातला रंगीत भाग मधला 1.2 किमी. 2011 मध्ये कडेचा एक संवेदक गेला, 2023 मध्ये मधला बिघडला. त्यामुळे नव्या चित्रांत नेमक्या रंगीत भागावर काळी पट्टी पडते. ग्रहाचा अगदी थोडा भागच एवढ्या बारकाव्याने टिपला गेला आहे. म्हणून आधी त्याच यानावरच्या सीटीएक्स या दुसऱ्या कॅमेऱ्याची चित्रे पाहा: पिक्सेलला सहा मीटर, पट्टा 30 किमी, आणि जवळपास सगळा ग्रह. पूर्ण मंगळ एका चौकटीत हवा असेल तर आपल्या मंगळयानाची चित्रे आहेत.

ऑर्बिटरचे खरे मोल तीच जागा पुन्हा पुन्हा पाहण्यात आहे. 24 डिसेंबर 2021 रोजी मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने सुमारे 4 तीव्रतेचा धक्का नोंदवला. तो कशाने बसला हे आधीच्या आणि नंतरच्या चित्रांतून उलगडले: सुमारे 150 मीटर व्यासाचे ताजे विवर, आणि हायराइजच्या रंगीत चित्रात भोवती विखुरलेले बर्फाचे तुकडे. मंगळाच्या जमिनीवरच्या कुठल्याही गाडीला (रोव्हरला) हे एकटीने जमले नसते.

हव्या त्या जागेचे चित्र नसेल तर लोकांकडून जागा सुचवून घेणाऱ्या ‘हायविश’ या हायराइजच्या सोयीवर नोंदणी करून नकाशावर जागा निवडा आणि वैज्ञानिक कारण लिहा. ‘सुंदर दिसेल’ एवढ्यावर भागत नाही. ‘या उतारावर आधीच्या चित्रानंतर नवे घसरण-ओघळ आले का’ असे लिहा.