बिल, ग्राहक आणि साठा एकाच ठिकाणी : डोलिबार वापरल्यानंतर

लहान व्यवसायासाठी सॉफ्टवेअर निवडताना सुविधांच्या याद्या शेजारी ठेवून तुलना करण्याची पद्धत आहे. त्या याद्यांमधून फारसे काही कळत नाही, कारण बिल करणे, ग्राहकांची माहिती ठेवणे आणि माल मोजणे ही कामे जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर करतेच. फरक पडतो तो या तीन कामांच्या सांध्यांवर: बिल पक्के कधी होते, माल साठ्यातून कोणत्या टप्प्यावर वजा होतो आणि माल परत आला की या नोंदी एकमेकींशी कशा जुळतात. सुट्या भागांच्या व्यवसायासाठी डोलिबार हे सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यावर हे माझे मत पक्के झाले आहे.

याआधी एक ऑनलाइन सेवा वापरत होतो. तीत ग्राहकाला पाठवलेले बिलही उघडून बदलता येत असे आणि बदलाचा मागमूस राहत नसे, त्यामुळे कागदावरचा साठा आणि गोदामातला माल यांचा ताळा कधीच बसला नाही. सोडताना जुनी बिले फक्त पीडीएफ स्वरूपात मिळाली.

डोलिबार हे 2002 पासून चालत आलेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असून ते जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देऊन, मिळते. ते पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले आहे आणि माहिती साठवण्यासाठी मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरते. हवी तेवढीच मॉड्यूल्स, म्हणजे कामानुसार केलेले भाग, सुरू करता येतात. मी ग्राहक, उत्पादने, बिले, साठा आणि डिलिव्हरी एवढीच सुरू ठेवली आहेत. बाकीची बंद ठेवल्यामुळे मेनू आटोपशीर राहतो, अन्यथा नव्या माणसाला सेटिंग्जची पाने पाहूनच धडकी भरेल.

बिल आधी मसुदा असते आणि त्याला तात्पुरता क्रमांक असतो. ते मंजूर केल्यावरच अनुक्रमातला कायमचा क्रमांक मिळतो, आणि त्यानंतरची दुरुस्ती सहसा क्रेडिट नोटमार्फत, म्हणजे बिलातली रक्कम कमी करणाऱ्या वेगळ्या नोंदीने, करायची असते. घाईच्या वेळी ही शिस्त जाचक वाटते, पण बिलांच्या क्रमात खाडे पडत नाहीत आणि कोणत्या बिलाची बाकी कशामुळे कमी झाली हे कोणालाही न विचारता कळते.

साठा बिल मंजूर होताना वजा करायचा, ऑर्डर मंजूर होताना की डिलिव्हरी नोंदवताना, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते आणि हा निर्णय सर्वांत विचारपूर्वक घ्यावा. ज्यांचा माल बिलासोबतच हातात दिला जातो त्यांना पहिला पर्याय पुरेसा आहे. आमच्याकडे एका ऑर्डरचा माल दोन-तीन खेपांमध्ये जातो आणि बिल नंतर होते, म्हणून डिलिव्हरीचा पर्याय निवडला. त्याची एक किंमत आहे: क्रेडिट नोट केल्याने ग्राहकाचा हिशेब जुळतो, परंतु परत आलेला माल गोदामात जमा करण्याची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. दुसरीकडे, प्रत्यक्ष साठ्यासोबत आभासी साठाही दिसतो, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या ऑर्डरींचा माल वजा करून आणि पुरवठादाराकडून येणारा माल मिळवून उरणारा आकडा. ग्राहकाला फोनवर ‘माल आहे’ असे सांगण्यापूर्वी मी हाच आकडा पाहतो.

साठ्याचे मूल्य भारित सरासरीने निघते. एखाद्या वस्तूचे 10 नग 100 दराने आणि पुढचे 10 नग 120 दराने घेतले, तर प्रत्येक नगाचे मूल्य 110 धरले जाते, आणि माल विकल्याने ही सरासरी बदलत नाही. ‘आधी आलेला माल आधी गेला’ या हिशेबाने मूल्य काढायचे असेल तर ईआरपीनेक्स्ट किंवा ओडू ही सॉफ्टवेअर पाहावीत, त्यांत ती सोय आहे. मात्र ती दोन्ही बरीच मोठी आहेत आणि दोन-चार माणसांच्या व्यवसायाला त्यांचा विस्तार पेलवेलच असे नाही.

ग्राहकांच्या बाबतीत सांगण्यासारखे कमी आहे. ग्राहक आणि पुरवठादार यांची नोंद एकच असू शकते, प्रत्येकाच्या पानावर येणे बाकी दिसते आणि उधारीची कमाल मर्यादाही नोंदवता येते. वसुलीसाठी एवढे पुरते.

जुनी माहिती सीएसव्ही फाइलींतून (साध्या मजकुरातल्या तक्त्यांतून) आणताना क्रम महत्त्वाचा ठरला: प्रथम ग्राहक, मग उत्पादने, मग प्रत्यक्ष मोजलेला आरंभीचा साठा, आणि बिलांपैकी फक्त न फिटलेली. फिटलेल्या बिलांचा इतिहास नव्या डेटाबेसमध्ये ओतण्यात वेळ घालवू नये. तो वेगळा जपून ठेवला तरी चालतो.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे असेल तर बॅकअपची जबाबदारी आपली असते. केवळ डेटाबेसची प्रत पुरत नाही, कारण तयार झालेली पीडीएफ बिले आणि जोडलेले कागद ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये असतात. दोन्हींची प्रत एकाच वेळी घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. हे करणारे कोणी नसेल, तर डोलिबार चालवून देणाऱ्या होस्टिंग सेवेकडून घेणे बरे. मात्र त्या सेवेकडून डेटाबेसची पूर्ण प्रत केव्हाही मिळेल की नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावे.