इथाइल अॅसिटेट–कॉस्टिक कायनेटिक्सचा संच: दहा महिने वापरल्यानंतर

ऑगस्ट ते मे असे दहा महिने हा संच छत्रपती संभाजीनगरच्या हवेत चालला. पावसाळ्यातली ओल, डिसेंबरातल्या गार सकाळी आणि चाळिशी ओलांडणारा एप्रिल-मे, सगळं त्याने पाहिलं. काम एकच होतं: इथाइल अॅसिटेट हे एस्टर आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) यांच्या सॅपोनिफिकेशनचा, म्हणजे कॉस्टिकने एस्टर तोडण्याच्या अभिक्रियेचा, वेगस्थिरांक (अभिक्रिया किती वेगाने होते तो आकडा) चार-पाच तापमानांना मोजायचा आणि त्यातून अॅक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे अभिक्रिया घडायला ओलांडावी लागणारी ऊर्जा, काढायची.

संचात ५०० मिलीचा जॅकेटवाला काचेचा रिअॅक्टर आहे, ओव्हरहेड स्टरर आहे, फक्त हीटर असलेला सर्क्युलेटिंग वॉटर बाथ आहे. सेल कॉन्स्टंट (पत्र्यांच्या मापावरून ठरणारा गुणक) १ असलेली प्लॅटिनमची कंडक्टिव्हिटी (वाहकता) सेल, संगणकाला जोडायच्या आरएस-२३२ आउटपुटचा मीटर, आर्डुइनोला जोडलेला डीएस१८बी२० तापमान सेन्सर, आणि आकडेमोड पायथॉनमध्ये. आधीच सांगून टाकतो: कंडक्टिव्हिटीची बाजू अतिशय भक्कम निघाली. कच्ची बाजू तापमानाची, आणि त्याहून कच्ची द्रावणं बनवण्याची. फिटिंगचा प्रोग्राम कितीही चांगला लिहिला तरी या दोन ठिकाणची चूक तो भरून काढत नाही, उलट सुबक आकड्याखाली झाकून टाकतो.

या अभिक्रियेला कंडक्टिव्हिटी इतकी का जमते ते आधी पाहू. २५ अंशांना हायड्रॉक्साइड आयनाची मोलर वाहकता साधारण १९९, अॅसिटेटची ४१ आणि सोडियमची ५० एककं. म्हणजे कॉस्टिक संपून सोडियम अॅसिटेट होताना एकूण २४९ वरून ९१ वर येतं, वाहकता जवळजवळ एक-तृतीयांश उरते. शिवाय एक हायड्रॉक्साइड गेला की एक अॅसिटेट येतो, त्यामुळे आयनांची एकूण संख्या रनभर, म्हणजे एका पूर्ण मोजणीभर, तेवढीच राहते आणि वाहकता रूपांतरणाच्या प्रमाणात सरळ रेषेत उतरते. दर दोन मिनिटांनी नमुना काढून आम्लात थांबवायचा आणि टायट्रेट करायचा, या जुन्या पद्धतीत एका रनमध्ये दहा-बारा बिंदू मिळायचे. इथे सेकंदाला एक मिळतो. मात्र या सुबत्तेत एक फसगत आहे, ती पुढे सांगतो.

सांद्रता ठरवताना आधी अर्धकाळ, म्हणजे निम्मी अभिक्रिया व्हायला लागणारा वेळ, काढा. २५ अंशांना वेगस्थिरांक ०.११ लिटर प्रति मोल-सेकंदाच्या आसपास येतो. दोन्ही द्रावणं ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) घेऊन समान घनफळात मिसळली की प्रत्येकी ०.०५ मोलर उरतं आणि अर्धकाळ सुमारे ३ मिनिटं होतो. मिसळून ०.०१ मोलर ठेवलं तर तोच १५ मिनिटं. ४५ अंशांना वेग सव्वातीन पटींच्या वर जातो, आणि ०.०५ मोलरचा अर्धकाळ मिनिटभरावर येतो. दुसरं द्रावण ओतायला ३ सेकंद लागतात असं धरलं, तर तेवढ्यात २५ अंशांना दीड टक्का आणि ४५ अंशांना ५ टक्के अभिक्रिया होऊन गेलेली असते. म्हणून ४० अंशांच्या वर मिसळल्यानंतरची सांद्रता ०.०२ मोलरच ठेवा.

कॉस्टिकच्या गोळ्या थेट तोलून द्रावण बनवू नका. पावसाळ्यात त्या वजनकाट्यावरच ओल्या होतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत राहतात. वजनाने ५० टक्क्यांचं दाट द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत करून ठेवावं. त्यात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण साधारण ५.३ मिली घेऊन उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात एक लिटर केलं की ०.१ मोलर मिळतं. नेमका आकडा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने काढायचा: ०.५१ ग्रॅमला सुमारे २५ मिली लागतं. हे दर रनच्या दिवशी. आठवडाभरापूर्वीच्या लेबलवर विसंबलात तर दिवसभर मोजलेलं सगळं वाया जातं.

इथाइल अॅसिटेटची गंमत वेगळीच. ०.१ मोलरसाठी लिटरला ८.८१ ग्रॅम लागतं. पुस्तकात त्याचे ९.८ मिली लिहिलेले असतात, पण ते २० अंशांचे. मे महिन्यात बाटलीच ३८-४० अंशांना असते, घनता उतरलेली असते, आणि तेवढ्याच मिलीत वजन जवळपास ३ टक्के कमी भरतं. पिपेट बाजूला ठेवा. बुचाच्या फ्लास्कमध्ये आधी पाणी घ्या, फ्लास्क तोलून घ्या, त्यातच एस्टर सोडा, लगेच बूच लावून पुन्हा तोला. द्रावण त्याच दिवशी वापरा. बूच सैल राहिलं तर एस्टर उडतं आणि सांद्रता गुपचूप घसरते. बाष्प पेट घेणारं आहे, हेही लक्षात असू द्या. एस्टरचा फ्लास्क हॉट प्लेटजवळ ठेवू नका.

यातलं कोणतं द्रावण कमी पडलं, ते आलेखच सांगतो. हायड्रॉक्साइडच्या सांद्रतेचा व्यस्तांक काळासमोर मांडा. दोन्ही बरोबरीत असतील तर सरळ रेषा येते. कॉस्टिक कमी असेल तर शेवटाकडे रेषा वर वळते, कारण उरलेलं कॉस्टिक भराभर संपतं. एस्टर कमी असेल तर रेषा आडवी पडू लागते आणि वाहकता अपेक्षित शेवटाच्या वरच अडकते. असं दिसलं की समान सांद्रतेचं सोपं सूत्र सोडून द्या आणि मोजलेल्या दोन वेगळ्या सांद्रता घालून विकलक समीकरण सोडवा. पायथॉनच्या सायपाय या लायब्ररीतलं सॉल्व्ह-आयव्हीपी त्यासाठी पुरेसं आहे.

आता तापमान. अॅक्टिव्हेशन एनर्जी ४७ किलोज्यूल धरली तर २५ अंशांजवळ एका अंशाच्या चुकीने वेगस्थिरांक ६ टक्क्यांहून थोडा जास्त हलतो. डीएस१८बी२० ची हमी अधिक-उणे अर्ध्या अंशाची आहे. म्हणजे बाकी सगळं अचूक असलं तरी ३ टक्के गेलेच. सेन्सर पडद्यावर ०.०६ अंशापर्यंत दाखवतो, पण ते त्याचं पृथक्करण, अचूकता नव्हे. डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात शून्याची चूक तपासून घ्या आणि दुसरा बिंदू ०.१ अंशाच्या खुणा असलेल्या प्रमाणित थर्मामीटरवरून घ्या. उकळत्या पाण्यावर १०० धरून तपासणी करू नका. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. आता त्याच्या जागी क्लास ए पीटी-१०० (प्लॅटिनमचा जास्त अचूक तापमान सेन्सर) बसवलाय. खर्च वाढला, पण या संचावरचा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तोच.

सेन्सर रिअॅक्टरच्या आत हवा. बाथचा डिस्प्ले ४५ दाखवत असताना आत अर्धा ते एक अंश कमी असतो, कारण सिलिकॉन नळ्यांतून उष्णता जाते. नळ्यांना फोमचं आवरण घातल्यावर हा फरक निम्म्यावर आला. दोन्ही द्रावणं मिसळण्याआधी किमान २५ मिनिटं त्याच बाथच्या पाण्यात राहू द्या, एक रिअॅक्टरमध्ये आणि दुसरं बुचाच्या फ्लास्कमध्ये.

उन्हाळ्यात खरी अडचण गारव्याची. फक्त हीटर असलेला बाथ खोलीच्या तापमानाखाली उतरू शकत नाही, वर पंपाची उष्णता आहेच. खोली ३७ अंशांना असेल तर ४०-४१ च्या खाली स्थिर तापमान मिळत नाही. आधी सोय म्हणून २५ आणि ३० अंशांचे रन हिवाळ्यात आणि ४० व ४५ चे उन्हाळ्यात केले. ही पद्धत चुकीची आहे, आणि आलेखात चूक दिसतही नाही. हिवाळ्यातल्या द्रावणांचा एक गट आणि उन्हाळ्यातल्यांचा दुसरा, त्यांच्यातला फरक थेट रेषेच्या उतारात शिरतो. २५ आणि ४५ या दोन टोकांत ३ टक्क्यांचा फरक पडला तर अॅक्टिव्हेशन एनर्जी एक किलोज्यूलहून जास्त सरकते आणि बिंदू मात्र रेषेवर छान बसलेले दिसतात. म्हणून सगळी तापमानं एकाच आठवड्यात, कॉस्टिकच्या एकाच दाट द्रावणातून आणि क्रम उलटसुलट करून घ्या. त्यासाठी बाथमध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडलं आणि थर्मोकोलच्या डब्यातलं बर्फाचं पाणी डेझर्ट कूलरच्या साध्या पंपाने त्यातून फिरवलं. हीटर चालूच ठेवायचा, गारवा किंचित जास्त द्यायचा, म्हणजे कंट्रोलर तापमान धरून ठेवतो. मे महिन्यात २५ अंश अशा रीतीने आरामात मिळाले, बर्फ तेवढा घालत राहावा लागतो.

लाइट गेली तर मीटर आणि आर्डुइनो यूपीएसवर चालतात, बाथ मात्र थांबतो. तेवढ्याने रन फेकू नका. तापमानाची नोंद सेकंदागणिक असेल तर वेगस्थिरांक त्या बदलत्या तापमानाचा धरूनच समीकरण सोडवता येतं.

मीटरमधलं आपोआप तापमान-सुधारणेचं बटण बंद ठेवा. मीटर साधारण अंशाला २ टक्के धरून वाचन २५ अंशांवर नेतो. तापमान स्थिर असेल तर हा गुणक सगळ्या वाचनांत सारखाच येतो आणि गुणोत्तर घेताना निघून जातो. पण सुरुवातीच्या दोन मिनिटांत तापमान सरकत असतं, मीटरचा प्रोब मागे रेंगाळतो, आणि ती हालचाल रूपांतरणासारखी दिसते. नेमकी तीच दोन मिनिटं सगळ्यात मोलाची.

फिटिंगकडे येऊ. प्रात्यक्षिकाच्या वहीतली पद्धत अशी: सुरुवातीच्या वाहकतेतून त्या क्षणाची वाहकता वजा करायची, काळाने भागायचं, आणि त्यासमोर वाहकता मांडून रेषेचा उतार काढायचा. गणित बरोबर आहे. पण पहिल्या मिनिटात काळ लहान असतो आणि सुरुवातीच्या वाहकतेतली बारीकशी चूक भागाकारात फुगते. त्यापेक्षा मोजलेला वक्रच थेट सायपायच्या कर्व्ह-फिटने बसवा आणि सुरुवातीची वाहकता व ओतण्याचा क्षण हेही अज्ञात धरा. शेवटची वाहकता मात्र मोकळी सोडू नका. द्वितीय क्रमाच्या (वेग दोन्ही सांद्रतांवर अवलंबून असलेल्या) अभिक्रियेची शेपटी फार लांब असते: ०.०५ मोलरला २५ अंशांवर अर्धा तास दिला तरी रूपांतरण ९१ टक्के, ०.०१ मोलरला तर ६६ टक्केच. अशा अर्धवट वक्रातून शेवटची वाहकता आणि वेगस्थिरांक एकमेकांची जागा घेतात, फिट दिसतं सुरेख आणि आकडा ५-७ टक्क्यांनी भलतीकडे. ट्रायहायड्रेट सोडियम अॅसिटेट लिटरला ६.८० ग्रॅम घेऊन ०.०५ मोलर द्रावण करा, त्याच तापमानाला मोजा आणि तो आकडा ठरलेला म्हणून घाला. मिश्रण रात्रभर ठेवून सकाळी मोजू नका, तोवर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात शिरलेला असतो.

आता ती फसगत. अर्ध्या तासाचे १८०० बिंदू कर्व्ह-फिटला दिले की वेगस्थिरांकाची चूक तो दशांश टक्क्यात सांगतो. या आकड्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक बिंदूची चूक स्वतंत्र आहे असं तो धरतो. प्रत्यक्षात तापमान पाव अंश वर असेल तर १८०० च्या १८०० बिंदूंना एकच चूक लागलेली असते. खरी चूक वेगवेगळ्या दिवशी नव्याने बनवलेल्या द्रावणांचे रन शेजारी ठेवल्यावरच दिसते, आणि या संचात ती ४-५ टक्क्यांच्या घरात राहिली. आर-स्क्वेअर (फिट बिंदूंना किती जवळून बसतं तो आकडा) ०.९९९ आला यावरही खूश होऊ नका, चुकीच्या सांद्रतेलाही तो येतो. उरलेल्या फरकांचा आलेख काढा. त्यात लाट दिसली की मॉडेल किंवा द्रावण यांपैकी एक चुकतंय.

वेगस्थिरांकात ५ टक्के चूक धरली तर अॅक्टिव्हेशन एनर्जीत किती येते, हे आधीच मोजून ठेवावं. २५, ३० आणि ३५ अंशांचे तीनच बिंदू घेतले तर सुमारे साडेपाच किलोज्यूल. ४० जोडलं की साडेतीन. ४५ पर्यंत पाच बिंदू घेतले की अडीच. तीन तापमानांवर दशांशापर्यंत उत्तर लिहिण्यात काहीच अर्थ नाही, हे यावरून कळतं. या अभिक्रियेचं उत्तर ४५ ते ४८ किलोज्यूलमध्ये यायला हवं.

अर्‍हेनियसच्या समीकरणात, म्हणजे वेगस्थिरांक आणि तापमान यांचं नातं सांगणाऱ्या सूत्रात, पूर्वगुणक आणि अॅक्टिव्हेशन एनर्जी एकदम शोधू नका. पूर्वगुणक जवळपास दोन कोटी, ऊर्जा ४७ हजार ज्यूल, आणि दोघं एकमेकांना घट्ट बांधलेले: एक वाढला की दुसरा वाढतो आणि प्रोग्राम वाटेतच थांबतो. त्याऐवजी ३५ अंशांचा वेगस्थिरांक आणि ऊर्जा ही जोडी धरा. तो वेगस्थिरांक ०.२० च्या आसपास येतो, मोजलेल्या पल्ल्याच्या मधोमध बसतो, आणि दोघांची चूक बरीचशी सुटी होते.

सेल दर आठवड्याला ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडवर तपासा, २५ अंशांना १२.८८ मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर यायला हवं. कॉस्टिकची सुरुवातीची वाहकता याच पट्ट्यात असते, म्हणून १४१३ मायक्रोसीमेन्सवाल्या पातळ द्रावणावरच थांबू नका. सेलच्या पत्र्यांवरचा काळा थर (तो प्लॅटिनमचाच असतो, मळ नव्हे) टिश्यूने पुसू नका, फक्त डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि पाण्यातच बुडवून ठेवा. ओतताना आत बुडबुडा अडकला तर वाहकता एकदम खाली उतरून अचानक वर उडी घेते. स्टरर चालू करून सेल हलकेच झटकली की तो सुटतो.

बाथमध्ये बोअरचं पाणी भरू नका. तीन महिन्यांत जॅकेटच्या आत पांढरा थर धरला आणि रिअॅक्टर तापायला निम्मा वेळ जास्त लागू लागला. ५ टक्के सायट्रिक अॅसिड कोमट करून तासभर फिरवल्यावर बहुतेक थर निघाला. त्यानंतर बाथमध्ये डिस्टिल्ड पाणीच आहे. सिलिकॉन नळ्या आठव्या महिन्यात जोडाजवळ चिरल्या, क्लॅम्पसकट बदलाव्या लागल्या. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना आता वेगळे क्लॅम्प आहेत, कारण तिथून बर्फाचं पाणी ठिबकून मीटरच्या प्लगपर्यंत पोचत होतं.