सूडाचा पॅलाडिन घेताय? घाऊक द्वेष की नेमका, आधी ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, आपापलं पात्र वठवत गोष्ट रचायचा खेळ. त्यातला पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, सूडाची शपथ, म्हणजे ओथ ऑफ व्हेंजन्स, तिसऱ्या लेव्हलला घेतो. पण त्याच्या आधीच एक गोष्ट ठरवून ठेवावी लागते: या धर्मयोद्ध्याने डूख धरलाय तो नक्की कुणावर? एका माणसावर, की त्या माणसाच्या अख्ख्या जमातीवर? कुडाळला आमच्या पडवीत चटई टाकून आम्ही पाच जण खेळतो, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी असतो, आणि गेल्या तीन पावसाळ्यांत दोन्ही तऱ्हेचे पॅलाडिन आमच्याकडे खेळून झाले. यंदा कुणी असा पॅलाडिन घ्यायच्या विचारात असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी सोपा पर्याय: नेमका द्वेष. गाव जाळणारा एक सरदार, गुरूचा विश्वासघात करणारी एक चेटकीण, असं एकच लक्ष्य. नियम याच्याच बाजूने आहेत. व्हाऊ ऑफ एन्मिटी ही या शपथेतून मिळणारी शक्ती एका वेळी एकाच शत्रूवर लागते आणि मिनिटभर त्याच्यावरच्या प्रत्येक हल्ल्याला दोन फासे टाकून वरचा आकडा घेता येतो. २०१४च्या नियमपुस्तकात शत्रू १० फुटांच्या आत असावा लागे; २०२४च्या पुस्तकात ते अंतर ३० फूट झालं, शिवाय तो पडला तर ती शक्ती दुसऱ्यावर वळवता येते. बाकीच्या पार्टीलाही, म्हणजे सोबतच्या पात्रांनाही, जाच होत नाही. सगळे मिळून सरदाराच्या मागे लागतात, बस्स.

मात्र याला पूर्वग्रह म्हणू नका. ज्याने खरोखरच गाव जाळलं त्याचा राग येणं हा हिशेब झाला. आमच्या पहिल्या पॅलाडिनचा सरदार पाचव्याच बैठकीत मेला. त्यानंतर दोन बैठका तो खेळाडू नुसता फासे टाकत होता. पात्राकडे बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घाऊक द्वेष याच्या अगदी उलट: खेळायला अवघड आणि कितीतरी खोल. दुसऱ्या पावसाळ्यातला आमचा पॅलाडिन टीफलिंगांचा द्वेष करायचा. टीफलिंग म्हणजे शिंगं-शेपटी असलेले लोक, ज्यांच्या रक्तात कुठेतरी मागे नरकाचा अंश आलाय. पण नियमांनुसार ते ह्युमनॉइडच, माणसांच्या आणि एल्फांच्या रांगेतले. आणि इथे खेळाने एक सुंदर गोष्ट करून ठेवलीय. पॅलाडिनची डिव्हाइन सेन्स ही शक्ती ६० फुटांतले फीन्ड (सैतानी जीव), अनडेड (मरूनही वावरणारे) आणि सेलेस्टियल (स्वर्गीय जीव) ओळखते. टीफलिंग त्यांतला कुणीच नाही. तो शेजारी येऊन उभा राहिला तरी पॅलाडिनला काही जाणवत नाही.

एका संध्याकाळी टीफलिंगांच्या वस्तीत शिरल्या शिरल्या आमच्या पॅलाडिनने डिव्हाइन सेन्स वापरली. मी म्हटलं, "काहीच नाही." बाजारात पुन्हा वापरली. "काहीच नाही." देवळापाशी तिसऱ्यांदा. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, कंदिलाच्या उजेडात चटईवर फासे आणि उकडलेल्या आठळ्या. मी पुन्हा "काहीच नाही" म्हटल्यावर तो थोडा थांबला आणि पात्राच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे हे देवापासूनही लपायला शिकलेत." कुणी काही बोललं नाही. पुरावा गिळून टाकणारा पूर्वग्रह यापेक्षा नेमका मी कधी ऐकला नव्हता. त्यासाठी एकही शिवी लागली नव्हती.

म्हणून घाऊक पर्याय घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हे, की द्वेष तोंडात ठेवू नका, वागण्यात ठेवा. रात्रीचा पहारा पार्टीतल्या टीफलिंगवर न सोडणं, लूट वाटताना तिचा वाटा दोनदा मोजणं, तिच्या प्रत्येक जादूनंतर तलवारीच्या मुठीवर हात जाणं. दर वाक्याला "सैतानाची पोर" म्हणणारा पॅलाडिन दुसऱ्या तासालाच कंटाळवाणा होतो, आणि टीफलिंग खेळणाऱ्याची संध्याकाळ वाया जाते.

दशावतार पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कथा आधी ठरलेली असते, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतात. चांगला राकस मांडवात गर्जत येतो, पोरं आईच्या पदराआड जातात, पण समोरच्या नटाला उत्तर द्यायला तो जागा ठेवतो. जागा ठेवली नाही तर नाटक पडतं. आमच्याकडेही टीफलिंग खेळणाऱ्या मैत्रिणीने एकदा सगळ्या पार्टीसमोर त्याला थेट मालवणीत विचारलं, "मेल्या, मी तुझा काय वायट केलंय?" तिला तेवढी जागा मिळाली म्हणूनच त्या प्रश्नाला वजन आलं.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. द्वेषाच्या खुणा कुठून आणायच्या?

त्याच मोहिमेत एकदा विहिरीवर पार्टी थांबली. पॅलाडिनच्या खेळाडूने अभिनय केला: सगळ्यांच्या हातात भांडं दिलं, आणि टीफलिंगच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. पडवी गप्प झाली, पण ही शांतता वेगळी होती. मैत्रीण म्हणाली, "हे नको." आम्ही तिथेच थांबलो. ती खूण त्याने कल्पनेतून आणली नव्हती, आमच्या आजूबाजूच्या गावांतून आणली होती. महाड इथून याच हायवेवर आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेत आधीच झाला होता, तरी त्या दिवशी सत्याग्रहींना मारहाण झाली आणि मग तळ्याचं 'शुद्धीकरण'ही केलं गेलं. कोकणात पाण्याला हा इतिहास आहे. तो कुणाच्या घरचा आहे हे चटईवर बसलेल्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. डीएम म्हणून हे आधी विचारणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून मोहीम सुरू होण्याआधीच्या बैठकीत, ज्याला सेशन झिरो म्हणतात, मी सरळ विचारतो: या टेबलावर काय येऊच नये, आणि काय पडद्याआड चालेल? उत्तराचं कारण मागत नाही. खुणा खेळाच्या जगातल्याच घ्यायच्या: शिंगं, शेपटी, नरकाची भाषा. आणि ज्याच्या पात्राचा द्वेष होणार, त्याच्या खेळाडूला शेवटचा शब्द. जुन्या आवृत्त्यांत पॅलाडिन लॉफुल गुड, म्हणजे नियमाने चालणारा सज्जन, असणं सक्तीचं होतं, जाणूनबुजून दुष्कर्म केलं तर त्याची शक्ती जाई. आता ती सक्ती नाही. नियम लगाम घालत नाहीत, म्हणून आपणच घालायचा.

मग निवड कशी करायची? एकाच बैठकीचा खेळ असेल, अनोळखी लोक असतील किंवा डीएम नवा असेल, तर बिनधास्त नेमका द्वेष घ्या. पार्टीत टीफलिंग कुणी घेतलाच नसेल तरीही नेमकाच. समोर उत्तर देणारं कुणी नसताना घाऊक द्वेष म्हणजे नुसतं भाषण होतं. ओळखीचं टेबल असेल, दहा-बारा बैठका हातात असतील आणि टीफलिंगचा खेळाडू मनापासून तयार असेल, तरच घाऊक. माझा स्वतःचा कल मधल्या वाटेकडे आहे: सुरुवात एका माणसाच्या गुन्ह्यापासून करा आणि द्वेष खेळता खेळता पसरू द्या. जखम खरी आणि निष्कर्ष खोटा, हे दोन्ही टेबलावर दिसतं.

पात्र बांधताना ले ऑन हँड्स, म्हणजे हात ठेवून जखम भरायची पॅलाडिनची शक्ती, हीही लक्षात ठेवा. लेव्हलच्या पाचपट पॉइंट, म्हणजे पाचव्या लेव्हलला २५, पण त्यासाठी जखमीला स्पर्श करावाच लागतो. पाण्याच्या प्रसंगानंतर आम्ही मैत्रिणीला विचारलं होतं, स्पर्शही वगळायचा का? ती म्हणाली, "तो राहू दे. पण कधी आणि कसा, ते मी सांगेन."

अकराव्या बैठकीत तिची टीफलिंग खाली पडली. दोन डेथ सेव्ह, म्हणजे मरणाच्या दारात टाकायचे फासे, फसल्या होत्या, तिसरी फसली की संपलं. पॅलाडिन एका चौकटीच्या अंतरावर उभा. खेळाडूने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. ले ऑन हँड्सला फासा लागत नाही. त्याने हातातला फासा चटईवर ठेवला आणि म्हणाला, "मी हातमोजा काढतो."