ऑनलाइन मास्टर्सच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

सोलापूरची गड्डा यात्रा संपली त्याच आठवड्यात शेजारच्या मावशींचा मुलगा मोबाइल घेऊन घरी आला. "दादा, बघ की जरा. पुण्याहून फोन आलता. सायबर सिक्युरिटीत मास्टर्स करता येतंय म्हणे, घरी बसून." मी ब्रोशर वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावरच थांबलो. विद्यापीठाचं नाव वेगळं होतं, लोगो वेगळा होता, पण वाक्यं तीच होती. ऑक्टोबर 2024 मध्ये मी वाचलेली, शब्दाला शब्द तीच. त्याने अजून पैसे भरले नव्हते. इतके महिने लाजेने मी आसपास कुणाला काही सांगितलं नव्हतं. आता सगळं लिहितोय.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कॉम्प्युटर, नेटवर्क, सीसीटीव्ही असं सगळं सांभाळतो. बरोबरचे मित्र हिंजवडीला गेले. वडिलांच्या आजारपणामुळे मला सोलापूर सोडता येत नव्हतं. त्यामुळे एका जाहिरातीत 'सायबर सिक्युरिटी आणि इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये ऑनलाइन मास्टर्स' असं दिसलं, तेव्हा हे आपल्यासाठीच आहे असं वाटलं. नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला.

फोनवरची बाई मराठीत, अगदी घरच्यासारखी बोलायची. वडिलांच्या तब्येतीची चौकशी करायची. आधी तिने एम.टेक. सुचवलं. मी म्हटलं, माझं तर बी.एस्सी. झालंय. मग दुसऱ्या दिवशी 'परदेशी विद्यापीठाचं एम.एस.' आलं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांखालच्या विद्यापीठांना इंजिनिअरिंगची पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देताच येत नाही. यूजीसीच्या 2020 च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. त्याआधी 3 नोव्हेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयानेही तांत्रिक शिक्षण पत्रद्वारे चालणार नाही, असा निकाल दिलेला आहे. अशा विद्यापीठाचं ऑनलाइन एम.टेक. देतो म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटं बोलत असतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

फी सांगितली 4,20,000 रुपये. लगेच 60 टक्के 'मेरिट शिष्यवृत्ती', म्हणजे भरायचे 1,68,000. माझ्या चार वर्षांच्या नोकरीचे क्रेडिट धरणार, म्हणून पदवी 11 महिन्यांत. आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीनंतर मास्टर्स दोन वर्षांचं असतं आणि एका वर्षात मास्टर्स करायची सोय चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी आहे. मी हे विचारलंही. "सर, ते इंडियन सिस्टिममध्ये. आपली इंटरनॅशनल आहे," हे उत्तर. सीट धरून ठेवायला आजच्या आज 8,000 भरा, नाहीतर शिष्यवृत्ती पुढच्याला जाईल. आईने भिशीतून उचललेले पैसे दिले. तिने एकच विचारलं होतं, "ह्यांचं ऑफिस कुठंय रे?" मी तिला म्हटलं, आजकाल सगळं ऑनलाइनच असतं.

उरलेल्या 1,60,000 साठी 'सोपे हप्ते'. फोन चालू असतानाच तिने ओटीपी मागितले, एकापाठोपाठ तीन. सीट कन्फर्म करायला लागतात म्हणाली. प्रत्यक्षात त्या तीन ओटीपींनी एका फायनान्स कंपनीचा कर्जाचा करार सही झाला आणि माझ्या खात्यातून दर महिन्याला पैसे कापायची परवानगीही गेली. 7,700 रुपयांचे 24 हप्ते, म्हणजे 1,84,800. व्याजदर वर्षाला 14 टक्क्यांहून जास्त पडतो. हे सगळं ईमेलवर आलेल्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदात, लिहिलेलं होतं आणि ते मी उघडलं नाही. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेने माघार घेण्याची मुदत ठेवायला लावलेली आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं तर दंड न भरता बाहेर पडता येतं. माझ्या करारातही ती मुदत होती. मला कळलं तेव्हा आठ हप्ते गेले होते.

वर्ग सुरू झाले तेव्हा शंका आली नाही, कारण शिकवत होते ते खोटं नव्हतं. क्रिप्टोग्राफी, नेटवर्क सिक्युरिटी, रिस्क मॅनेजमेंट, सगळे विषय बरोबर. व्हिडिओ मात्र आधीच रेकॉर्ड केलेले. त्यातले काही यूट्यूबवर फुकट आहेत, हे मला पुढे सापडलं. परीक्षा म्हणजे पर्याय निवडायचे 40 प्रश्न. कॅमेरा नाही, ओळखपत्र नाही, नापास झालात तर पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमात परीक्षेवर देखरेख असते, उमेदवाराची ओळख तपासली जाते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला सोपी परीक्षा बरी वाटते, हे मी नाकारत नाही. मलाही बरी वाटली.

जून 2025 मध्ये एक असाइनमेंट आली. कोणतीही एक वेबसाइट घ्या आणि तिच्याबद्दल उघडपणे मिळणारी माहिती गोळा करा. मी आमच्याच विद्यापीठाची साइट घेतली, आपलीच आहे म्हणून. हू-इजवर, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नोंद दाखवणाऱ्या सेवेवर, डोमेन (साइटचा पत्ता) टाकलं. साइटवर मोठ्या अक्षरांत 'स्थापना 1998' आहे. डोमेनची नोंद मार्च 2023 ची निघाली. मग ज्या 'आंतरराष्ट्रीय मूल्यांकन परिषदे'ने त्यांना मान्यता दिली होती, तिचं डोमेन टाकलं. तोच दिवस, तोच रजिस्ट्रार (पत्त्याची नोंदणी करणारी कंपनी), तेच नेमसर्व्हर (पत्ता साइटशी जोडून देणारे सर्व्हर). मालकाचं नाव अशा ठिकाणी बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण नोंदणीची तारीख झाकत नाहीत. रात्रीचे दोन वाजले होते. वडील आत झोपले होते. मी तशीच दोन्ही पानं समोर ठेवून बराच वेळ बसून राहिलो. प्रमाणपत्र देणारा आणि प्रमाणपत्र देणाऱ्याला प्रमाणपत्र देणारा एकाच माणसाने एकाच बैठकीत उभा केला होता.

त्या रात्री जे तपासलं, ते पैसे भरण्याआधी अर्ध्या तासात झालं असतं. पत्त्याच्या शेवटी डॉट एज्युकेशन होतं आणि मला ते भारदस्त वाटलं होतं. ते डोमेन कुणालाही विकत मिळतं. डॉट ईडीयू मात्र 2001 पासून, आधीची काही जुनी नावं सोडली तर, अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळतं. आपल्याकडचं डॉट एसी डॉट इनही शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहे. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर तर अजिबात जाऊ नका. आपला फोन आणि ती साइट यांच्या मधली वाट तिसऱ्या कुणासाठी बंद आहे, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. आमचं अमेरिकेचं म्हणवणारं 'विद्यापीठ' तिच्यात नव्हतं.

भारतातलं विद्यापीठ असेल तर काम आणखी सोपं आहे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची साइट, डीईबी डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन, स्वतःच्या हाताने टाइप करून उघडा. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. तिथे विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि सत्र अशा तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. नुसतं विद्यापीठ यादीत असून भागत नाही. सप्टेंबर 2024 च्या सत्रापासून अशा प्रवेशाला डीईबी आयडी लागतो आणि तो विद्यार्थी स्वतः काढतो. माझ्याकडे तो कुणीच मागितला नाही. परदेशी पदवी कुठल्या तरी भारतीय कंपनीमार्फत ऑनलाइन मिळत असेल तर जास्तच सावध राहा. यूजीसीने डिसेंबर 2023 मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली होती.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मावशींनी हे ऐकून पोराचं शिक्षणच नको असा सूर लावला होता. ऑनलाइन पदवी म्हणजे फसवणूक नव्हे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची, यूजीसीने मंजूर केलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. आपल्यासारख्या गावात राहून शिकणाऱ्यांना तिचा खरा उपयोग आहे. मी आता तशाच एका एम.सी.ए.ची चौकशी करतोय.

पैशांचं सांगतो. संस्थेने आधी 'रिफंड प्रोसेसमध्ये आहे' असं लिहिलं, मग उत्तर देणंच बंद केलं. फायनान्स कंपनीचं म्हणणं, कर्ज तुम्ही घेतलंय, कॉलेजचं तुम्ही बघा. हप्ता थांबवला तर सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब होणार, म्हणून भरतोय. शेवटचा हप्ता ऑक्टोबर 2026 चा आहे. कंपनीकडे लेखी तक्रार केली. 30 दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, शहर पोलिसांकडेही लेखी दिलं. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. माझा दावा सोलापुरातच दाखल होतोय.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडची अकरा मुलं-मुली होती. एके दिवशी ग्रुपच बंद केला त्यांनी. माझा संपर्क तिघांशीच झालाय. एकीच्या घरी अजून माहीत नाही, ती पगारातून गुपचूप हप्ते भरते. उरलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर पावत्या, कर्जाचा करार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं यातलं काहीही डिलीट करू नका. साइट कधीही गायब होईल, तिच्या प्रत्येक पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि दोन वर्षं व्हायच्या आत तक्रार करा.