लंडन, दोन लहान मुलं आणि एक छापील गाइडबुक : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलांना घेऊन फिरणाऱ्यांसाठी असलेलं लंडनचं एक गाइडबुक आम्ही सहलीच्या बरंच आधी घेतलं होतं. बेत आखताना ते वापरलं, तिथे रोज पिशवीत होतं आणि परत आल्यावरही लेक त्याची पानं उलटत बसते. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. लेक पाच वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा. धाकट्याचा अर्धा दिवस बाबागाडीत जातो.

सगळं फोनवर मिळत असताना पुस्तक कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्यापुरतं उत्तर एकच: काय गाळायचं ते पुस्तकामुळे ठरवता आलं. फोनवर एकेक ठिकाण शोधलं की प्रत्येक ठिकाण बघायलाच हवं असं वाटतं आणि यादी फुगत जाते. या पुस्तकाची मांडणी परिसरांनुसार आहे. एका परिसराला एक प्रकरण आणि सुरुवातीला त्याचा प्रमाणात काढलेला नकाशा. त्यामुळे एका दिवसाला एक प्रकरण आणि त्यातलं एकच मोठं ठिकाण, असं ठरवून टाकता आलं. उरलेली पानं त्या दिवशी उघडायचीच नाहीत.

लंडनच्या ब्लूम्सबरी या भागाचं उदाहरण देते. ब्रिटिश म्युझियम सगळ्यांना माहीत असतं. पण तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कोरम्स फील्ड्स नावाचं मुलांचं मैदान आहे, ते नकाशावर शेजारी दिसलं म्हणून आम्हाला कळलं. पूर्वी तिथे अनाथ मुलांसाठीचं फाउंडलिंग हॉस्पिटल होतं. सोबत मूल नसेल तर मोठ्यांना आत सोडतच नाहीत. लेकीला हा नियम इतका आवडला की तिनेच आम्हाला हात धरून आत नेलं. सकाळी म्युझियममधल्या ममी पाहिल्या आणि मग मनसोक्त धावणं. त्या दिवशी कोणी रडलं नाही.

प्रमाणातल्या नकाशाचं महत्त्व ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत पटलं. १९३३ साली हॅरी बेक यांचा ट्यूब नकाशा छापला गेला. मार्ग समजायला तो उत्तम, पण त्यात अंतरं खरी नसतात. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे एका स्टेशनाचं अंतर तिथे इतर अंतरांसारखंच दिसतं, प्रत्यक्षात दोन्हींत जेमतेम २६० मीटर आहेत. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टऐवजी जिना घेतला तर १९३ पायऱ्या. पुस्तकाने 'इथे चालत जा' असं स्पष्ट लिहिलंय, आणि बाबागाडीवाल्यांसाठी त्या एका ओळीची किंमत फार मोठी आहे. रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्या न लागता जाता येतं अशी ट्यूब स्टेशनं साधारण एक तृतीयांशच आहेत. पुस्तकात ती वेगळ्या खुणेने दाखवली आहेत. आम्ही पुष्कळदा बसच पकडली. बाबागाडीसाठी जागा असते (व्हीलचेअर आली तर ती द्यावी लागते), आणि अकरा वर्षांखालच्या मुलांना बसचं भाडं नाही. ट्यूबमध्येही तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर ती फुकट जातात.

पुस्तकातला सगळ्यात शहाणा सल्ला संग्रहालयांबद्दल आहे. तिथल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. तेव्हा अर्ध्या तासात बाहेर पडलात तरी काही वाया जात नाही, असं ते सांगतं. आम्ही तेच केलं. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहिला, डायनोसॉर पाहिले आणि निघालो. सायन्स म्युझियमच्या तळघरात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'द गार्डन' आहे, तिथे पाण्याशी खेळता येतं. कपड्यांचा एक जास्तीचा जोड न्या, हे मात्र पुस्तकात नाही. साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून या संग्रहालयांकडे जाणारा भुयारी पादचारी मार्ग आहे, १८८५ सालचा. पावसात फार कामी येतो.

आता न पटलेलं. तारांकनं मोठ्यांच्या नजरेने दिली आहेत. बकिंगहॅम पॅलेससमोरच्या पहारेबदलाला सर्वाधिक तारे, पण लवकर जाऊन गर्दीत ताटकळणं अडीच वर्षांच्या मुलाला जमणारं नाही, शिवाय तो रोज नसतोही. हॉर्स गार्ड्सचा घोडेस्वारांचा पहारेबदल मुलांना जास्त जवळून दिसतो. त्याला कोपऱ्यातली एक छोटी चौकट मिळाली आहे. टॉवर ऑफ लंडनच्या प्रकरणात डोमकावळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली आहे, पण दगडी फरसबंदीवर बाबागाडी किती खडखडते याचा उल्लेख नाही. 'चार ते बारा वर्षं' असा एकच वयोगट तर निरुपयोगी, चार वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल यांची सहल एक कशी असेल? आणि स्वच्छतागृहं नकाशावर नाहीत. मुलांसाठीच्या पुस्तकात ही उणीव मला फार खटकली. मी ती पेन्सिलने स्वतः टिपत गेले.

घेताना आवृत्तीचं साल नक्की बघा. एलिझाबेथ लाइन हा रेल्वेमार्ग मे २०२२ मध्ये सुरू झाला. तिच्या सगळ्या स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं, आणि ती हीथ्रोहून थेट शहराच्या मध्यात आणते. त्याआधीच्या पुस्तकात ती धावताना दिसणार नाही, म्हणजे बाबागाडीसाठीचा सगळ्यात सोयीचा मार्गच हाती नाही. वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या प्रतीत नॅचरल हिस्टरीच्या मुख्य दालनात अजून डिप्लोडोकस या डायनोसॉरचा सांगाडा होता. देवमासा तिथे २०१७ साली आला. वेळा आणि आगाऊ नोंदणी मात्र नव्या आवृत्तीवरही विसंबून ठरवू नका, आदल्या रात्री त्या त्या ठिकाणाच्या संकेतस्थळावर बघा.

बांधणी मजबूत आहे, पण वजन जास्त. आम्ही त्या दिवसाच्या नकाशाचा फोटो काढून ठेवायचो आणि पुस्तक बाबागाडीच्या खालच्या जाळीत टाकायचो. पाचपैकी चार तारे. मुलं सात-आठ वर्षांच्या आतली असतील तर घ्याच. त्याहून मोठ्यांसाठी लंडनचं साधं गाइडबुकही चालेल.