घरच्या स्वयंचलित हवामान केंद्राचा पावसाळाभराचा अनुभव

चिपळूणजवळच्या आमच्या घरी पावसाची नोंद वहीत ठेवण्याचा परिपाठ जुना आहे. अंगणातल्या साध्या पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतायचे आणि आकडा तारखेसमोर लिहायचा, एवढेच ते काम. मात्र २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात महापूर आला, तेव्हा या वहीची मर्यादा लख्खपणे दिसली. चोवीस तासांची बेरीज हाती होती, पण तो पाऊस नेमका कोणत्या तासांत कोसळला हे सांगणारे त्यात काहीच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी यंदा जूनच्या आरंभी सौरपट्टीवर चालणारा हवामान केंद्राचा संच बसवला आणि ऑक्टोबर संपेपर्यंत तो वहीच्या जोडीने चालवला.

ज्या कामासाठी घेतला ते काम त्याने चोख केले, हे आधी सांगतो. यंत्रातील पर्जन्यमापकात सी-सॉप्रमाणे दोन्ही बाजूंना झुकणारी छोटी वाटी असते, ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की ती कलंडते आणि तेवढी नोंद होते. त्यामुळे सर कधी आली, किती वेळ टिकली, तिचा जोर केव्हा वाढला हे सारे आलेखावर मिनिटागणिक वाचता येते. दिवसभर रिपरिप पडून झालेला ८० मिलिमीटर पाऊस आणि पहाटेच्या दोन तासांत ओतलेला ८० मिलिमीटर पाऊस वहीत सारखेच दिसत. पऱ्ह्याच्या काठी राहणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एकूण पावसाच्या बाबतीत मात्र यंत्रावर विसंबून राहता येत नाही. ताशी ७२ मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल तर वाटी दर १० सेकंदांना कलंडते आणि ती कलंडत असतानाच्या क्षणात आत येणारे पाणी हिशेबाबाहेर जाते. साहजिकच जोर जितका अधिक, तितकी तूट अधिक. भुरभुर पावसाच्या दिवशी वही आणि यंत्र यांचे आकडे जवळपास जुळत. मुसळधार दिवशी यंत्र सुमारे दहा टक्के मागे राही. यंत्र मुळातच कमी मोजते की केवळ जोराच्या पावसात, हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. नरसाळ्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर असेल तर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. सलाईनच्या रिकाम्या बाटलीत ५०० मिलिलिटर साधे पाणी भरून नळीच्या चिमट्याने थेंबाथेंबाने सोडले, तर यंत्राने ५० मिलिमीटरच्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. आमच्या यंत्राने तो दाखवला. म्हणजे दोष वाटीच्या मापात नसून पावसाच्या जोरात आहे.

खरी अडचण जुन्या आणि नव्या नोंदी एकत्र मांडताना आली, आणि तिच्याविषयी संचासोबतच्या पुस्तिकेत अवाक्षर नाही. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागील चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेला लावला जातो. आमची वहीही त्याच रीतीने चालते. यंत्राचा दिवस मात्र मध्यरात्री संपतो. कोकणात रात्रीचा पाऊस काही कमी नसतो. एका रात्रीत पडलेला ९० मिलिमीटर पाऊस यंत्राच्या तक्त्यात दोन तारखांना ४५-४५ असा विभागला गेला, तर ६५ मिलिमीटरच्या अतिवृष्टीच्या निकषात दोहोंपैकी एकही दिवस बसत नाही. यावर तोडगा म्हणून यंत्राची दैनिक बेरीज वापरणे सोडून दिले आणि दर पाच मिनिटांची मूळ नोंद उतरवून घेऊन साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज स्वतः करू लागलो. ही मूळ नोंद उतरवून घेण्याची सोय ज्या संचात नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

देखभाल थोडी, पण नियमित लागते. जुलैत नरसाळ्याच्या तोंडाशी फणसाचे पान अडकले होते, तेव्हा जोराची सर आलेखावर दिसलीच नाही. त्याऐवजी पाऊस थांबल्यानंतरही कित्येक तास अगदी समान अंतराने पडणाऱ्या ०.२ च्या नोंदी दिसत राहिल्या. निसर्गातला पाऊस इतका शिस्तशीर नसतो, त्यामुळे अशी रेघ दिसली की शिडी लावावी. मुंग्यांचाही वाटीखालच्या कोरड्या जागेवर डोळा असतो.

तापमान पावसाळ्यात विश्वासार्ह वाटले. ऑक्टोबरच्या उन्हात, वारा पडलेला असताना, जांभ्याच्या भिंतीची धग लागून ते फुगते, म्हणून खांब भिंतीपासून दूर हवा. आर्द्रतेचा काटा जुलै-ऑगस्टमध्ये ९९ वरच चिकटून होता, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

पडद्यावरचे अंदाजाचे चित्र हा मात्र निव्वळ करमणुकीचा भाग आहे. आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा नियमाने चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास काही हेक्टोपास्कलांनी खाली येतो. हे यंत्र दाब उतरला की पावसाचा ढग दाखवते, त्यामुळे ऑक्टोबरच्या लखलखीत दुपारीही रोज ढग हजर. दाब पाहायचाच असेल तर आजच्या चारचा आकडा कालच्या चारच्या आकड्याशी ताडून पाहावा; त्यात मोठी घट दिसली तर तिला अर्थ असतो.

वीज गेली की वायफाय बंद पडते, आणि आमच्याकडे वीज नेमकी वादळी पावसातच जाते. सुदैवाने या संचाच्या घरातील भागात बॅटरी आणि मेमरी कार्ड दोन्ही असल्याने नोंद खंडित झाली नाही. वारा मोजणारी एक कटोरी मात्र ऑगस्टच्या वाऱ्यात तुटली आणि सुटा भाग मिळत नाही, संपूर्ण संचच घ्यावा लागेल, असे विक्रेत्याने कळवले. खरेदीपूर्वी सुट्या भागांची लेखी चौकशी करावी, आणि जुना पर्जन्यमापक तर मुळीच काढून टाकू नये. आमच्याकडे एकूण पावसाचा आकडा अजूनही वहीतूनच घेतला जातो, यंत्राकडून घेतात ती केवळ वेळ आणि जोर.